कुप्याच्या मागे जाण्याआधी

अलिबाग, रेवदंडा, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या मासळीबाजारात तुम्ही गेलात, तर बोंबील, मांदेली, जवळा, कोलंबी यांचे ढीग हमखास दिसतील. कुपा आणि गेदर मात्र रोज दिसतीलच असे नाही. कापल्यावर ज्याचे मांस मटणासारखे लाल दिसते, तोच हा मासा. जगाच्या बाजारात त्याला ट्यूना म्हणतात. समुद्र एकच, किनाराही एकच. मग बोंबील दारात आणि कुपा दूर, असे का?

पहिले कारण पाण्याच्या रंगात आहे. आपल्या किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ असते. अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या गाळ आणतात आणि भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह तो खाली बसू देत नाहीत. बोंबलाला या गढूळपणाची अडचण नाही. कुपा मात्र डोळ्यांनी पाहून शिकार करणारा मासा आहे. त्याला स्वच्छ पाणी हवे. दुसरे कारण त्याच्या शरीरात आहे. पुष्कळ मासे एका जागी थांबून तोंडाची व कल्ल्यांवरील झाकणांची उघडझाप करतात आणि कल्ल्यांवरून पाणी खेळवतात. कुप्याला हे पुरेसे जमत नाही. तोंड किंचित उघडे ठेवून तो पुढे पोहत राहतो, तेव्हाच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी वाहते आणि त्याला प्राणवायू मिळतो. थांबला की गुदमरला! जन्मभर पोहत राहणाऱ्या या प्राण्याला खाडीचे तोंड कसे पुरणार?

तेव्हा कुपा हवा असेल, तर आपणच त्याच्याकडे जायला हवे. पण किती दूर? महाराष्ट्रासमोरचा समुद्र फार हळूहळू खोल होत जातो. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तरी तेथे पाण्याची खोली जेमतेम ७५ मीटरच्या आसपास आहे. समुद्रबूड जमिनीचा हा उथळ मंच संपल्यावर जे गडद निळे पाणी लागते, ते पिवळ्या पराच्या मोठ्या कुप्याचे खरे घर. या माशाची लांबी दोन मीटरपर्यंत जाऊ शकते. त्याच्या शोधासाठी मोठ्या नौका लागतात. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे एक सरकारी केंद्र सुरू झाले. पुढे भारतीय मत्स्य सर्वेक्षण या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या संस्थेच्या ‘मत्स्यवृष्टी’सारख्या नौकांनी लांबच लांब दोरीला शेकडो गळ लावून या पाण्याचे सर्वेक्षण केले. लहान नौकेने पहिल्याच फेरीत तिकडे जाण्याचे धाडस करू नये, असे मला वाटते. त्याआधी गेदर आहे, म्हणजे कुप्याचा लहान भाऊ. तो या उथळ मंचावरच, पण स्वच्छ पाण्याच्या पट्ट्यात सापडतो. पहिली फेरी त्याच्यासाठी ठीक.

आता आपण एक नौका डोळ्यांसमोर आणू. लांबी १० मीटर, रुंदी २.८ मीटर, फायबरचे अंग, एक डिझेल इंजिन, तांडेल आणि तीन खलाशी. आजवर ती रेवदंड्याच्या खाडीतून पहाटे निघून दुपारी परत येत असे. आता तिला ४८ सागरी मैल बाहेर जायचे आहे. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. तेव्हा अंतर झाले सुमारे ८९ किलोमीटर. नौकेचा सोयीचा वेग ६ नॉट, म्हणजे तासाला ६ सागरी मैल. जायला आठ तास, यायला आठ तास. तुम्ही तांडेलाच्या शेजारी वही घेऊन बसला आहात असे समजा. त्याच्या मनात हे सगळे हिशेब असतात. आपण ते कागदावर मांडू.

त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. किनाऱ्यालगत इंजिन बंद पडले, तर नांगर टाकायचा आणि शेजारच्या होडीला हाक मारायची. आठ तासांवर इंजिन बंद पडले, तर हाकेच्या अंतरावर कोणी असेलच असे नाही. ९ नोव्हेंबर २००९ रोजी अरबी समुद्राच्या दक्षिण भागात कमी दाबाचे एक क्षेत्र तीव्र झाले. त्याचे वादळ झाले आणि ११ नोव्हेंबरला दुपारी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान ते किनाऱ्यावर आदळले. हेच ‘फयान’. मासेमारीचा ऐन हंगाम होता. कोकणातल्या कित्येक नौका बुडाल्या आणि खलाशी बेपत्ता झाले. तारखा पुन्हा पाहा: ९ आणि ११. आपल्या नौकेची फेरीही साधारण दोन दिवसांचीच आहे. म्हणजे निघताना जे वादळ जन्मालाही आले नव्हते, ते परतीच्या वाटेवर गाठू शकते, आणि परतीचे आठ तास ऐन वेळी चार करता येत नाहीत. तयारी करायची ती या आठ तासांसाठी.

यातले पहिले काम म्हणजे महिना निवडणे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. नौका ओढून वर घेतात, शाकारतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. पण समुद्र तेव्हा पुरता शांत झालेला नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुन्हा मे-जून हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे महिने. राहता राहिले डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. पहिली लांबची फेरी याच दिवसांत करावी.

नौका वर असतानाच तिचे तळ तपासून घेतलेले बरे. तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ पाण्याचा विरोध वाढवतात व डिझेल खातात. पंख्याजवळ जस्ताचा एक तुकडा बोल्टने बसवलेला दिसेल. तो कशासाठी? पंखा काशाचा किंवा पितळी, त्याचा दांडा पोलादाचा आणि भोवती खारे पाणी. दोन वेगळे धातू आणि क्षारयुक्त पाणी म्हणजे चक्क विद्युतघट झाला! या घटात जो धातू अधिक सहजपणे विरघळतो तो झिजतो. जस्त या बाबतीत पोलादाच्या आणि काशाच्या पुढे आहे. म्हणून ते स्वतः झिजते आणि दांडा वाचवते. निम्म्याहून अधिक झिजलेला तुकडा बदलायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकलेली धातूंची क्रियाशीलता श्रेणी इथे चार माणसांच्या उपयोगी पडते.

इंजिनाची तपासणी सगळेच करतात. तेल, पट्टा, थंड पाण्याचा पंप हे पाहिले जाते. पण एक शत्रू लपून राहतो आणि तो डिझेलच्या टाकीत असतो. वर्षभर खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरताना टाकीच्या तळाशी गंज, गाळ आणि थोडे पाणी साचते. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळालाच राहते. नौका फारशी हलत नाही तोवर हा साका गुपचूप बसून असतो. बाहेरच्या समुद्रात लांब लाटा लागल्या, नौका तास न् तास डुलू लागली, की सगळा साका ढवळून वर येतो, गाळणी तुंबते आणि इंजिन गुरगुरत बंद पडते. कालपर्यंत बिनतक्रार चाललेले इंजिन नेमके पहिल्याच लांबच्या फेरीत दगा देते, त्याचे कारण पुष्कळदा हेच. त्याला नशीब म्हणू नये. टाकी रिकामी करून धुवायची, पाणी वेगळे करणारी गाळणी बसवायची आणि जास्तीच्या गाळण्या बरोबर ठेवायच्या. शिवाय डुलत्या नौकेत, अंधारात, गाळणी बदलण्याचा सराव धक्क्यावरच करून घ्यायचा.

आता डिझेलचा हिशेब. ६ नॉटला आपले इंजिन तासाला १० लिटर पिते असे धरू. जायला ८० लिटर, यायला ८०. चोवीस तास मासेमारीत इंजिन हळू चालते. तासाला ४ लिटर धरले तर ९६. एकूण २५६ लिटर. मग २६० भरून निघायचे का? मुळीच नाही. उलटा वारा, विरुद्ध प्रवाह, दुसऱ्या नौकेला ओढत आणण्याची वेळ, यांसाठी निदान निम्मी भर हवी. झाले सुमारे ३८५ लिटर.

कोणी म्हणेल, वेग वाढवून वेळ का वाचवू नये? करून पाहू. पाण्यातून जाताना नौका स्वतःच एक लाट उठवते आणि त्या लाटेत बसून चालते. लाट जितकी लांब तितका तिचा वेग जास्त. १० मीटर लांबीच्या लाटेचा वेग सुमारे ७.७ नॉट भरतो. आपली नौका १० मीटरची. तेव्हा या वेगाजवळ गेली की तिला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. इंजिन ओरडते, धूर काळा होतो, पण वेग वाढत नाही. त्याआधीही शक्तीची गरज ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. ६ ऐवजी ७.५ नॉटने गेलो तर तासाला १० लिटरऐवजी सुमारे १९.५ लिटर लागतील. ४८ मैलांना ६.४ तास, डिझेल १२५ लिटर. दीड तास वाचला आणि ४५ लिटर जास्त गेले. वादळ पाठीशी असेल तेव्हा हा सौदा जरूर करावा. पण तसा तो करता यावा म्हणून तर टाकीत भर ठेवायची.

डिझेलइतकाच महत्त्वाचा बर्फ. इथे कुप्याच्या शरीराकडे पुन्हा वळावे लागेल. बहुतेक मासे पाण्याइतकेच थंड असतात, कारण कल्ल्यांत रक्त पाण्याच्या अगदी जवळून जाते आणि अंगची उष्णता तिथे निघून जाते. कुप्याने यावर एक युक्ती शोधली आहे. त्याच्या स्नायूंकडून परतणाऱ्या उबदार रक्ताच्या बारीक नळ्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना लागून, पण उलट दिशांनी जातात. जाता जाता उष्णता एका नळीतून दुसरीत उतरते आणि शरीरातच राहते. त्यामुळे कुप्याचे स्नायू भोवतीच्या पाण्यापेक्षा गरम राहतात, जोराने आकुंचन पावतात आणि तो बाणासारखा पोहतो. गळाला लागल्यावर झगडताना तर ते आणखी तापतात. जिवंत कुप्याची ही खुबी मेलेल्या कुप्याला मारक ठरते. गरम मांसात जीवाणू झपाट्याने वाढतात आणि मांसातील हिस्टिडीन या पदार्थापासून हिस्टामीन बनवतात. असा मासा खाल्ला की तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके दुखते, उलट्या होतात. मासा शिजवून जीवाणू मरतात, पण तयार झालेले हिस्टामीन शिजवूनही जात नाही. म्हणून मासा वर आला की त्याचे रक्त वाहू द्यायचे, कल्ले आणि आतडी काढायची आणि लगेच बर्फात.

किती बर्फ? समजा, आपल्याला ४०० किलो मासळीची आशा आहे. माशाची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८५. ४०० किलो मासा ३० अंशांवरून शून्यावर आणायला ४०० × ०.८५ × ३० = १०,२०० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागेल. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी शोषतो. भागाकार करा: सुमारे १२८ किलो. पण बर्फ काही माशाचीच वाट पाहत बसत नाही. खणाच्या भिंतींतून उष्णता आत येतच असते. सहा चौरस मीटर पृष्ठभागाचा खण आणि पाच सेंटिमीटर थर्मोकोल धरला, तर दिवसाला तीसएक किलो बर्फ नुसता बसल्या जागी वितळेल. झाकण उघडले की गरम हवा आत, मासा ठेवताना सांडलवंड, आणि चारशेच्या जागी पाचशे किलो मासा मिळाला तर? उष्ण प्रदेशातले मच्छीमार जेवढा मासा तेवढा बर्फ असा ठोकताळा वापरतात, तो यासाठीच. ४०० किलो.

बर्फाच्या मोठ्या लाद्यांवर मासा ठेवून भागत नाही. लादी आणि मासा यांच्यात हवा राहते आणि हवा उष्णतेची मंदवाहक. बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे समुद्राचे पाणी यांचा लगदा केला तर तो माशाला सगळीकडून चिकटतो. जाडीचाही विचार हवा. आतपर्यंत गार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दुप्पट जाड मासा चौपट वेळ घेतो. म्हणून मोठा मासा आधी, लहान नंतर.

पिण्याच्या पाण्याबाबत फार लिहायला नको. माणशी दिवसाला ४ लिटर, चार माणसे, दोन दिवस फेरीचे आणि तीन दिवस अडचणीचे: ८० लिटर. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेवढे क्षार बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याहून जास्त पाणी खर्चावे लागते. म्हणजे समुद्राचे पाणी पिणारा माणूस अधिकच तहानेला होतो.

एवढे सामान चढवल्यावर नौकेचे काय होते? बेरीज करू. ३८५ लिटर डिझेल म्हणजे सुमारे ३२३ किलो, बर्फ ४००, पाणी ८०, चार माणसे २६०, दोऱ्या, गळ, नांगर वगैरे २००. एकूण १,२६३ किलो. पाण्याच्या रेषेजवळ आपल्या नौकेचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर आहे. आर्किमिडीजने सांगितल्याप्रमाणे नौका १ सेंटिमीटर खाली गेली की ती ०.२ घनमीटर, म्हणजे २०५ किलो खारे पाणी बाजूला सारते. तेव्हा आपली नौका सहा सेंटिमीटरांनी खाली बसेल. हे फार नाही. पण वजन किती यापेक्षा ते कोठे ठेवले, हा प्रश्न मोठा आहे.

हे तुम्ही घरीही करून पाहू शकता. पाण्याच्या टबात पसरट डबा तरंगत ठेवा. तळात दगड ठेवून डबा एका बाजूला दाबा आणि सोडा. तो झटकन सरळ होईल. तेवढाच दगड डब्यावर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर ठेवा. डबा हळू, आळसावल्यासारखा डुलेल आणि एखादे वेळी उलटेल. वजन वर गेले की गुरुत्वमध्य वर जातो आणि नौकेला सरळ करणारा जोर कमी होतो. आता दगड काढून डब्यात अर्धे पाणी भरा आणि पुन्हा दाबा. पाणी कललेल्या बाजूला धावते आणि डब्याला आणखी कलवते. अर्धी भरलेली टाकी, तळात साचलेले पाणी, वितळलेल्या बर्फाचे पाणी ही सगळी याच जातीची संकटे आहेत. म्हणून टाकी पूर्ण भरून निघायचे, मोठ्या टाकीत आडवे पडदे बसवायचे आणि पंप चालतो की नाही ते दर तासाला पाहायचे. डिझेलचे भरलेले पिंप डेकवर बांधून नेण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. २०० लिटरच्या पिंपात १६८ किलो डिझेल असते आणि ते नेमके नको त्या उंचीवर.

नौका पुरेशी स्थिर आहे का, हे पाहण्याची एक सुंदर चाचणी आहे. तिला फक्त एक घड्याळ लागते. शांत पाण्यात, धक्क्याच्या दोऱ्या सैल करून, सगळे सामान भरलेल्या नौकेला बाजूने हेलकावे द्या आणि दहा पूर्ण हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजा. एका हेलकाव्याचे सेकंद नौकेच्या रुंदीच्या मीटरांपेक्षा कमी असतील, तर सुरुवातीची स्थिरता बहुधा पुरेशी आहे. आपली रुंदी २.८ मीटर; दहा हेलकावे २८ सेकंदांच्या आत व्हायला हवेत. गंमत अशी, की संथ डुलणारी नौका बसायला सुखाची वाटते आणि झटके देणारी नकोशी. पण संथ डुलणे हीच धोक्याची खूण.

दिशेकडे वळू. डोळे पाण्यापासून अडीच मीटर उंचीवर असतील, तर क्षितिज फक्त साडेपाच किलोमीटरवर असते. ३०० मीटर उंचीची टेकडी हवा अगदी स्वच्छ असेल तर सुमारे ६७ किलोमीटरवरून दिसेल. आपण जाणार ८९ किलोमीटर. म्हणजे खांदेरीचे दीपगृह नाही, कोरलईचा डोंगर नाही, काहीच नाही. आज उपग्रहांवरून स्थान सांगणारी यंत्रे स्वस्त झाली आहेत आणि ती जरूर न्यावीत. पण बॅटरी संपली किंवा यंत्रात खारे पाणी शिरले तर होकायंत्राशिवाय गती नाही. ते मात्र लोखंडाच्या शेजारी ठेवले की खोटे बोलते. ही गोष्ट रायगडकरांना कोणी सांगायला नको! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने मापे बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले आणि चुंबकीय पदार्थ टाळून तिथल्या इमारती बांधल्या गेल्या. (हा मुंबईचा कुलाबा बरे का. रायगड जिल्ह्याचे जुने नावही कुलाबाच होते. ते १९८१ मध्ये बदलले.) एका ट्रामसाठी वेधशाळा हलते, तर होकायंत्राशेजारी ठेवलेल्या कोयत्याने किंवा ध्वनिवर्धकाच्या चुंबकाने काय होईल? ५ अंशांची चूक ८९ किलोमीटरांत आपल्याला जवळजवळ ८ किलोमीटर भलतीकडे नेते. रेवदंड्याऐवजी दुसऱ्याच खडकाळ किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी पोहोचायला एवढे पुरे.

मासा कोठे असेल, याचा अंदाज आता अवकाशातून मिळतो. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था उपग्रहांनी मोजलेले पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळीची संभाव्य क्षेत्रे ठरवते. जेथे गार आणि उबदार पाणी एकमेकांना भिडते, तेथे पोषकद्रव्ये असतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर लहान मासे आणि त्यांच्यामागे गेदर. बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली असे हे सल्ले मराठीतही मिळतात. तिथे वाटेत तेलाच्या फलाट्या लागल्या, तर त्यांच्यापासून ५०० मीटरांच्या आत जायला कायद्याने मनाई आहे. फलाट्यांखाली मासा जमतो हे खरे, पण मोह आवरावा.

आणि हाक? नौकेवरचा साधा बिनतारी संच सरळ रेषेत चालतो. नौकेची एरियल ४ मीटर उंच आणि किनाऱ्यावरची ५० मीटर असेल, तर संभाषण सुमारे ३७ किलोमीटरांपर्यंत. दोन नौकांमध्ये तर १६-१७ किलोमीटरच. मोबाइल त्याहूनही आधी मुका होतो. म्हणून दोन गोष्टी हव्यात. एक, सोबतीला दुसरी नौका. दोन, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या तंत्राने बनवलेली अशी यंत्रे एक लाख नौकांवर बसवण्याच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. वादळाचा इशारा नौकेपर्यंत आणि संकटाचा निरोप किनाऱ्यापर्यंत त्यातून जातो. २००९ मध्ये, फयानच्या वेळी, हे नव्हते. घरच्या माणसांजवळ आणि सोसायटीत एक कागद ठेवायचा: कोण कोण गेले, कोणत्या दिशेला, कधी परतणार. त्या वेळेनंतर किती तास वाट पाहून तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करायचा, तेही त्यावर लिहायचे. जीवरक्षक जाकिटे खणात गुंडाळून ठेवू नयेत, अंगावर असावीत.

शेवटचा हिशेब भरतीचा आहे आणि तो विसरला तर बाकीचे सगळे वाया. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो. भरलेली नौका त्यावरून भरतीलाच आत-बाहेर करते. समजा, आपण ऐन भरतीला निघालो. पुढच्या भरत्या साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने येतात: निघाल्यापासून १२ तास २५ मिनिटांनी, २४ तास ५० मिनिटांनी, ३७ तास १५ मिनिटांनी, ४९ तास ४० मिनिटांनी. आपली फेरी ठरली होती ८ + २४ + ८ = ४० तासांची. म्हणजे आपण तोंडाशी पोहोचू तेव्हा भरती उलटून पावणेतीन तास झालेले असतील, पाणी झपाट्याने उतरत असेल आणि उंचवट्यावर लाटा फुटत असतील. मग एक तर मासेमारी पावणेतीन तास आधी आटोपायची, नाहीतर बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून पुढच्या भरतीची साडेनऊ-दहा तास वाट पाहायची. जाळ्यात मासा लागत असताना आवरते घ्या असे सांगणारा तांडेल खलाशांना आवडत नाही. पण ही वेळ निघण्याआधीच सगळ्यांच्या समोर ठरलेली असली, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

आता पुढचे तुमच्यावर सोपवतो. आपली नौका ठरल्या वेळी खाडीच्या तोंडाशी परतली आहे. डिझेल सुमारे २४५ लिटर खर्च झाले. टाकीत १४० लिटर उरले. बर्फ निम्मा वितळला आणि त्याचे पाणी पंपाने बाहेर टाकले. पिण्याचे पाणी निम्मे संपले. खणात ४०० किलो गेदर आहे. आणखी १०० किलो मिळाला, पण खणात जागा उरली नव्हती म्हणून तो डेकवर ठेवला आहे. निघतानाच्या मानाने नौका आता पाण्यात वर आहे की खाली, आणि किती सेंटिमीटर? तांडेलाने बाहेर शांत पाण्यात हेलकावे मोजले. निघताना दहा हेलकाव्यांना २५ सेकंद लागले होते, आता ३० लागले. यात किती वाटा डेकवरच्या माशाचा आणि किती अर्ध्या टाकीचा असेल? आणि भरती अजून अर्धा तास टिकणार आहे, तेवढ्यात, उंचवट्यावरून आत शिरण्याआधी, त्याने काय काय करावे?